आकाशांतील टकरींच्या प्रतिबंधाचा कायदा : त्याच्या जन्मकालाविषयीं विचार

१. प्रस्ताव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ता. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं एका विमानविषयक कायद्यावर सही केली. आकाशांत दोन विमानांची टक्कर होऊं नये एतदर्थ आजवर जे निर्बंध झाले, त्यांत या कायद्याचें स्थान मोठें आहे. त्याच्या उत्पत्तीविषयीं एक कथा सर्वत्र रूढ आहे. ती अशी कीं, ता. ३० जून १९५६ रोजीं ग्रँड कॅन्यन या विख्यात दरीवर दोन प्रवासी विमानें एकमेकांवर आदळलीं, १२८ माणसें मृत्यु पावलीं, लोकक्षोभ झाला, आणि त्या क्षोभांतून हा कायदा जन्मास आला.

कथा सुटसुटीत आहे व वर्गांत सांगावयास सोयीची आहे. प्रस्तुत लेखकानें आयुष्याचीं बरींच वर्षें शाळेंत घालविलीं असल्यामुळें, एका सनापुढें एकच कारण लिहून देण्याचा मोह त्यास चांगला ठाऊक आहे. परंतु अपघात व कायदा यांच्यामध्यें दोन वर्षें व सुमारें दोन महिने गेले. एवढा काळ क्षोभ टिकत नाहीं. मग या मधल्या काळांत काय घडलें, आणि अपघातापूर्वीं कांहीं घडलें होतें काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ताम्रपट, महजर व बखरी यांच्या सहवासांत राहणाऱ्या वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. परंतु कायदा हाही लेखच आहे. त्यालाही पूर्वज असतात, पाठभेद असतात, भर घातलेले शब्द असतात; आणि जुन्या दप्तराप्रमाणें तोही वेळेवर न वाचल्यास व्यर्थ होतो. म्हणून लेखपरीक्षेची जी पद्धति आपण सनदांस लावतों, तीच येथें लावून पाहिली आहे.

२. नियमाचें मूळ

आकाशांतील मार्गनियम आकाशांत जन्मले नाहींत. ते समुद्रावरून आले. समोरासमोर येणाऱ्या दोन आगबोटींनीं आपापल्या उजवीकडे वळावें, आणि मार्ग छेदत असतां ज्या बोटीच्या उजव्या अंगास दुसरी दिसत असेल तिनें बाजूला व्हावें, हा नाविकांचा संकेत एकोणिसाव्या शतकांत राष्ट्राराष्ट्रांत मान्य झाला होता. ता. १३ ऑक्टोबर १९१९ रोजीं पॅरिस येथें विमानसंचाराविषयीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या एका परिशिष्टांत हेच दोन नियम विमानांस लावलेले आढळतात. यंत्रानें चालणाऱ्या विमानानें वाऱ्याच्या स्वाधीन असलेल्या फुग्यास वाट द्यावी, हा नियमही त्याच कुळांतला. वाफेच्या बोटीनें शिडाच्या गलबतास वाट द्यावी या नियमाचा तो धाकटा भाऊ होय.

या सर्व नियमांच्या पोटीं एक गृहीत आहे. तें म्हणजे, चालकास दुसरें वाहन दिसतें व दिसल्यावर वळावयास अवसर असतो. समुद्रावर हें गृहीत बहुधा खरें ठरे. आकाशांत तें फार लवकर डळमळलें. ता. ७ एप्रिल १९२२ रोजीं फ्रान्समध्यें, पॅरिसच्या उत्तरेस, लंडनकडून टपाल घेऊन येणारें इंग्रजी विमान व पॅरिसहून प्रवासी घेऊन निघालेलें फ्रेंच विमान धुक्यांत एकमेकांवर आदळलें. सात माणसें मेलीं. प्रवासी विमानांच्या टकरींत ही पहिली गणली जाते. दोन्ही विमानें जमिनीवरील एकाच सडकेचा मागोवा घेत विरुद्ध दिशांनीं उडत होतीं. वाट चुकूं नये म्हणून घेतलेला आधारच घातास कारण झाला. यानंतर वैमानिकांच्या बैठकींत उजव्या बाजूनें जाण्याचा संकेत दृढ करण्यांत आला. पण दृष्टि हेंच प्रमाण, हें गृहीत तसेंच राहिलें.

३. तीन पाठ

आतां अमेरिकन कायद्यांचे मूळ शब्द पाहूं. त्या देशाचा पहिला विमानविषयक मुख्य कायदा ता. २० मे १९२६ चा. त्यांत व्यापारखात्याच्या मंत्र्यास हवाई रहदारीचे नियम करण्याचा अधिकार दिला आहे. त्यांतील टकरीविषयींचें कलम नीट वाचलें असतां आश्चर्य वाटतें. तेथें टक्कर सांगितली आहे ती जलयान व विमान यांची. दोन विमानांच्या टकरीचा स्वतंत्र उल्लेखच नाहीं. कलम लिहिणाऱ्याच्या मनांत समुद्र किती भरून राहिला होता, याचें हें उत्तम ज्ञापक आहे.

दुसरा कायदा ता. २३ जून १९३८ चा. त्यांत तेंच वाक्य पुनः येतें, परंतु बदललेलें. आतां विमानाविमानांमधील टकर अग्रभागीं आली आहे, आणि तिच्यामागून विमान व भूमीवरील किंवा पाण्यावरील वाहन यांची. तिसरा पाठ १९५८ चा. त्यांत मागील दोन्ही पदें ठेवून, विमान व आकाशांतील इतर तरंगते पदार्थ यांच्या टकरीचें तिसरें पद जोडलें आहे. वाक्याची चौकट तीच. पाणिनीच्या सूत्रांत मागील पदांची अनुवृत्ति पुढें चालते तशी ती बत्तीस वर्षें चालली, आणि १९९४ मध्यें अमेरिकन कायद्यांची पुनर्रचना झाली तेव्हांही तीं तिन्ही पदें शाबूत राहिलीं.

या पाठपरंपरेंतून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध होते. विमानाविमानांची टक्कर टाळण्याचे नियम करण्याचा अधिकार १९३८ पासूनच कायद्यांत लिहिलेला होता. म्हणजे १९५६ मध्यें उणीव होती ती अधिकाराच्या शब्दांची नव्हे. मग कशाची?

४. ता. ३० जून १९५६

त्या दिवशीं लॉस एंजेलिसहून टी. डब्ल्यू. ए. कंपनीचें सुपर कॉन्स्टेलेशन विमान सकाळीं ९ वाजून १ मिनिटानें निघालें. त्यांत ७० माणसें होतीं व तें कॅन्सस सिटीस जात होतें. तीन मिनिटांनीं युनायटेड कंपनीचें डी. सी. ७ विमान शिकागोस निघालें. त्यांत ५८ माणसें होतीं. युनायटेडला २१,००० फूट उंची नेमून दिलेली होती. टी. डब्ल्यू. ए. च्या चालकानेंही पुढें तीच उंची मागितली. ती नाकारण्यांत आली. तेव्हां त्यानें ढगांच्या माथ्यावरून एक हजार फूट अंतर राखून उडण्याची मुभा मागितली, ती मिळाली. अशा उड्डाणांत दुसरें विमान पाहण्याची जबाबदारी चालकाच्या डोळ्यांवर असे. ढगांचे माथे उंच होते. त्यामुळें नाकारलेली उंचीच त्यास आडमार्गानें प्राप्त झाली.

पुढील गोष्ट कागदांच्या अभ्यासकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. दोन्ही चालकांनीं आपण ‘पेंटेड डेझर्ट’ नांवाच्या रेषेवर केव्हां पोहोंचूं ती वेळ बिनतारी यंत्रानें कळविली होती. दोघांनींही एकच वेळ सांगितली: १० वाजून ३१ मिनिटें. ही दोन्ही वर्तमानें सॉल्ट लेक सिटी येथील नियंत्रकापाशीं टक्करीपूर्वीं पोहोंचलीं होतीं. एकच उंची, एकच रेषा, एकच मिनिट, अशीं दोन टिपणें एका माणसासमोर होतीं. तरी त्यानें कोणास कांहीं कळविलें नाहीं. त्यांत त्याचा नियमभंग नव्हता. तीं विमानें ठरीव हवाईमार्ग सोडून अनियंत्रित आकाशांत गेलीं होतीं, आणि तेथें एकास दुसऱ्याची वार्ता देणें हें नियमाप्रमाणें त्याचें कर्तव्यच नव्हतें. सुमारें १० वाजून ३१ मिनिटांनीं विमानें एकमेकांवर आदळून दरींत कोसळलीं. कोणीही वांचलें नाहीं.

सरकारी चौकशीमंडळानें १९५७ मध्यें निर्णय दिला कीं, चालकांनीं एकमेकांस वेळेवर पाहिलें नाहीं. कां पाहिलें नाहीं याचीं संभाव्य कारणें त्यानें मोजलीं: मधले ढग, चालकाच्या खोलींतून दिसण्याची मर्यादा, इतर कामांत गुंतलेलें लक्ष, प्रवाशांस दरीची शोभा दाखविण्याचा प्रयत्न, मानवी दृष्टीची सीमा, आणि मार्गांतील रहदारीची अपुरी माहिती. येथें १९१९ चें तें मूळ गृहीत एका सरकारी लेखांत प्रथमच उघडें पडलें. डोळा हा शीघ्रगामी विमानांच्या युगांत पुरेसा साक्षीदार नाहीं.

५. तिथींचा क्रम

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. अपघातापूर्वींचे कागद पाहिले असतां असें दिसतें कीं, १९५५ मध्येंच विल्यम बार्क्ले हार्डिंग यांच्या अध्यक्षतेखालीं हवाई सोयींचा विचार करण्यास एक मंडळ नेमलें गेलें होतें, व वर्षअखेर त्यानें सुधारणेची निकड सांगितली होती. त्यावरून फेब्रुवारी १९५६ मध्यें अध्यक्षांनीं एडवर्ड कर्टिस यांची या कामीं खास नेमणूक केली. ग्रँड कॅन्यनचा अपघात त्यानंतर सुमारें साडेचार महिन्यांनीं झाला. म्हणजे ज्या चौकशींतून पुढें कायदा निघाला ती अपघाताची संतति नव्हे; ती त्याच्याहून ज्येष्ठ आहे.

कर्टिस यांचा अहवाल मे १९५७ मध्यें सादर झाला. आकाश एकच असतां त्याचे धनी अनेक आहेत, हें त्याचें सार. १९४० पासून नियम करणें व अपघातांची चौकशी करणें हें एका मंडळाकडे, रहदारी चालविणें हें व्यापारखात्याच्या एका शाखेकडे, आणि लष्करी विमानें आपापल्या खात्याच्या आज्ञेंत, अशी वांटणी होती. कर्टिस यांनीं एक स्वतंत्र संस्था सुचविली. तोंवर तात्पुरतें एक मंडळ असावें असें म्हटलें. तें मंडळ ता. १४ ऑगस्ट १९५७ च्या कायद्यानें अस्तित्वांत आलें व त्याचें प्रमुखपद निवृत्त सेनाधिकारी क्वेसाडा यांस मिळालें. स्थायी संस्थेचें काम मात्र सावकाश चालणार अशीं चिन्हें होतीं.

इतक्यांत दोन टकरी लागोपाठ झाल्या. ता. २१ एप्रिल १९५८ रोजीं लास वेगासजवळ युनायटेडचें एक डी. सी. ७ व हवाई दलाचें एक जेट यांची गांठ पडून ४९ माणसें मेलीं. प्रवासी विमान ठरीव मार्गानें नेमलेल्या उंचीवर चाललें होतें. जेट शिक्षणाच्या उड्डाणांतून खालीं येत होतें. एकाच्या नियंत्रकास दुसऱ्याची खबर नव्हती. ता. २० मे रोजीं मेरीलंड संस्थानांत तसाच प्रकार पुनः घडला व १२ माणसें मेलीं. योगायोग असा कीं, १९२६ च्या पहिल्या कायद्यास त्याच दिवशीं बत्तीस वर्षें पुरीं झालीं. दुसऱ्याच दिवशीं, ता. २१ मे रोजीं, ओक्लाहोमाचे सेनेटर मन्‍रोनी यांनीं विधेयक मांडलें. ता. २३ ऑगस्ट रोजीं त्यावर सही झाली. कांहीं संक्षिप्त वृत्तांतांत हें अंतर दोन महिन्यांचें लिहिलेलें आढळतें. पण तिथींवरूनच तें तीन महिने व दोन दिवस भरतें, सबब तो पाठ त्याज्य समजावा.

एका रात्रींत असें विधेयक लिहून होत नाहीं हें उघड आहे. ता. २१ मे रोजीं जें मांडलें गेलें त्याचा आशय कर्टिस यांच्या कागदांत वर्षभर आधींपासून तयार होता.

६. कायद्यानें काय बदललें

टकरीविषयींच्या वाक्यांत तिसरें पद जोडलें गेलें, हें वर सांगितलेंच आहे. पण कायद्याचें खरें बळ त्या वाक्यांत नाहीं. तें वाक्य कोणाच्या हातीं दिलें यांत आहे. नियम करणें, रहदारी चालविणें, आणि मुलकी व लष्करी दोन्ही विमानांसाठीं आकाशक्षेत्राची वांटणी करणें, हे अधिकार एका स्वतंत्र संस्थेस मिळाले. लष्करास निकडीच्या प्रसंगापुरता अपवाद ठेवला. उत्सर्ग व अपवाद यांचा क्रम येथें उलटला, असें म्हणतां येईल: पूर्वीं लष्कराची मोकळीक हा उत्सर्ग होता, आतां ती अपवाद झाली. अपघातांच्या चौकशीचें काम मात्र नव्या संस्थेस दिलें नाहीं. जो नियम करतो त्यानेंच आपल्या नियमाची परीक्षा करूं नये, हें धोरण सुज्ञपणाचें होतें. क्वेसाडा हेच नव्या संस्थेचे पहिले प्रमुख झाले, व ता. ३१ डिसेंबर १९५८ पासून संस्थेचें काम सुरू झालें.

७. पुढील परंपरा

कायदा झाला म्हणून टकरी थांबल्या नाहींत. ता. १६ डिसेंबर १९६० रोजीं न्यूयॉर्कवर, नियंत्रित आकाशांतच, दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन जमिनीवरील सहा जणांसह १३४ माणसें मेलीं. एक विमान थांबण्याचें नेमलेलें ठिकाण ओलांडून पुढें गेलें होतें. ता. ३१ ऑगस्ट १९८६ रोजीं कॅलिफोर्नियांत सेरिटोस येथें एक मेक्सिकन प्रवासी विमान व एक लहान खासगी विमान यांच्या टकरींत, जमिनीवरील पंधरा जणांसह, ८२ माणसें गेलीं. यानंतर ता. ३० डिसेंबर १९८७ च्या कायद्यानें, तीसांहून अधिक आसनांच्या विमानांत टक्कर टाळण्याची सूचना देणारें यंत्र सक्तीचें झालें. आरंभीं १९९१ ची मुदत होती. पुढील कायद्यानें ती १९९३ च्या अखेरपर्यंत वाढविली. दुसऱ्या विमानाचें अंतर नव्हे, तर गांठ पडण्यास उरलेला वेळ मोजावा, हें या यंत्राचें तत्त्व. तें बेंडिक्स कंपनीचे जॉन मॉरेल यांनीं १९५६ मध्येंच, म्हणजे ग्रँड कॅन्यनच्याच वर्षीं, लिहून ठेवलें होतें. तत्त्व व सक्ति यांत एकतीस वर्षांचें अंतर पडलें.

आपल्या देशाचा वांटा या इतिहासांत सर्वांत दुःखद आहे. ता. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरी येथें सौदी अरेबियाचें बोइंग ७४७ व कझाकस्तानचें इल्यूशिन ७६ यांची टक्कर होऊन ३४९ माणसें मेलीं. आकाशांतील टकरींत इतकी प्राणहानि दुसऱ्या कोणत्याही प्रसंगीं झालेली नाहीं. येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांस एकच मार्ग होता. जाणाऱ्यास १४,००० फूट व येणाऱ्यास १५,००० फूट उंची नेमली होती. आणि विमानाची उंची दाखविणारें रडार दिल्लीस त्या वेळीं वापरांत नव्हतें. न्यायमूर्ति लाहोटी यांच्या चौकशींत, येणारें विमान नेमल्या उंचीच्या खालीं उतरलें असें ठरलें. त्यानंतर भारतांत सूचनायंत्राची सक्ति झाली. १९३४ च्या विमानकायद्याची जागा ता. १ जानेवारी २०२५ पासून २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानें घेतली आहे.

यंत्र आल्यावर दोन आज्ञांचा विरोध उभा राहिला. यंत्र वर जा म्हणत असतां नियंत्रक खालीं या म्हणाला, तर कोणाचें प्रमाण मानावें? ता. ३१ जानेवारी २००१ रोजीं जपानवर असाच प्रसंग येऊन दोन विमानें थोडक्यांत वांचलीं. प्रमाणाचा निर्णय मात्र तत्काळ झाला नाहीं. सतरा महिन्यांनीं, ता. १ जुलै २००२ रोजीं, जर्मनींत युबरलिंगेन येथें त्याच विरोधांत ७१ माणसें मेलीं. यंत्राची आज्ञा बलवत्तर, हा निःसंदिग्ध नियम त्यानंतर झाला.

आणि अगदीं अलीकडे, ता. २९ जानेवारी २०२५ रोजीं, वॉशिंग्टन येथें पोटोमॅक नदीवर एक प्रवासी विमान व लष्करी हेलिकॉप्टर यांच्या टकरींत ६७ माणसें गेलीं. चौकशीमंडळानें जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हां ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळांत त्याच विमानतळापाशीं विमानें व हेलिकॉप्टरें एका सागरी मैलाच्या आंत व उंचींत ४०० फुटांहून कमी अंतरानें आल्याचे १५,२१४ प्रसंग आढळले. त्यांतील ८५ तर अत्यंत निकटचे. डिसेंबर २०२५ मध्यें अमेरिकेच्या सेनेटनें लष्करी विमानांची मोकळीक आंखडणारें विधेयक संमत केलें. उत्सर्ग व अपवाद यांचा १९५८ चा वाद पुनः दारीं आला.

८. निर्णय

तात्पर्य, ग्रँड कॅन्यनच्या टकरींतून १९५८ चा कायदा जन्मला ही कथा सर्वथा खोटी नाहीं, पण अपुरी आहे. नैयायिकांच्या परिभाषेंत सांगावयाचें तर, हार्डिंग व कर्टिस यांचे कागद हें घटाची माती, म्हणजे उपादानकारण. १९५६ व १९५८ च्या टकरी हें कुंभाराचें चाक फिरविणारा दंड, म्हणजे निमित्तकारण. मातीवांचून दंड व्यर्थ फिरला असता. दंडावांचून माती कोपऱ्यांत पडून राहिली असती, आणि ती कांहीं काळ पडून राहिलीच.

हा भेद केवळ शाब्दिक नाहीं. अपघातानेंच ज्ञान दिलें असें मानलें, तर पूर्वींच्या मंडळींस ठाऊक नव्हतें असें म्हणून मोकळें होतां येतें. कागदांची साक्ष याच्या उलट आहे. सॉल्ट लेक सिटीच्या टेबलावर एकाच मिनिटाचीं दोन टिपणें होतीं. वॉशिंग्टनच्या दप्तरांत पंधरा हजारांवर नोंदी होत्या. ठाऊक होतें, पण एकाचें लिहिलेलें दुसऱ्यापाशीं ठेवून पाहण्याचें काम कोणाचेंच नव्हतें.

दोन लेख शेजारीं ठेवून वाचणें हा आपल्या मंडळींचा नित्याचा व्यवसाय आहे. तो शतकें लोटल्यावर केला तर त्यांतून इतिहास निष्पन्न होतो. तोच वेळेवर केला असता तर ग्रँड कॅन्यनवरील १२८ जण कदाचित् घरीं पोहोंचते. वरील तिथींत वा आंकड्यांत कोणास दोष आढळल्यास तो साधार कळवावा. लेखक उपकृत होईल.